स्नोबोर्ड वॅक्सिंग किट: इस्त्रीचे पैसे द्या, बाकीचं सोलापुरात मिळतं

स्नोबोर्ड म्हणजे बर्फावर उभं राहून घसरायची फळी. ती नीट घसरावी म्हणून तळाला वॅक्स, म्हणजे मेण, वितळवून मुरवतात आणि वरचं जादा खरवडून काढतात. गुलमर्ग किंवा औलीला स्वतःचा बोर्ड घेऊन जाणाऱ्यांसाठी ऑनलाइन जे तयार वॅक्सिंग किट मिळतात, त्यांत साधारण इस्त्री, वॅक्सची वडी, खरवडायचा ॲक्रिलिक स्क्रेपर आणि नायलॉनचा ब्रश असतो. यातली पैसे वसूल करणारी वस्तू एकच, इस्त्री.

घरची कपड्यांची इस्त्री का चालत नाही? तिच्या डायलवर अंश नसतात, ‘सुती’ आणि ‘रेशमी’ असतं. तळ पातळ, त्यामुळे ती एकदम तापते, मग उतरते, मग पुन्हा तापते. बोर्डचा तळ पॉलिथिलीनचा असतो आणि १३०-१३५ अंशांच्या आसपास तो वितळायला लागतो. एका जागी क्षणभर जास्त थांबलं की तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो भाग पुन्हा वॅक्स पीत नाही. वॅक्सच्या इस्त्रीचा तळ जाड आणि सपाट, वाफेची भोकं नाहीत, डायल अंशांत. नेहमीच्या वॅक्सला ती १२० ला ठेवा. धूर निघाला तर डायल खाली आणा, कारण वॅक्स जळतंय. इस्त्री पुढे सरकली की मागे चार बोटं ओला पट्टा दिसायला हवा. वरच्या बाजूला हात लावून बघा. बोर्ड कोमट लागला की पुरे.

त्याआधी बाइंडिंग (बूट बोर्डला अडकवायचे पट्टे) काढा, निदान त्यांचे स्क्रू ढिले करा. घट्ट स्क्रू तापून तळ आत ओढतात आणि तिथे खळगे पडतात. बोर्ड मळका असेल तर पहिला हात मऊ वॅक्सचा द्या आणि गरम असतानाच खरवडा. काळपट मळ वॅक्सबरोबर निघून येतो. खरा थर त्यानंतर. एका बोर्डला २० ग्रॅमच्या आसपास वॅक्स लागतं.

किटमधल्या माहितीपत्रकात वॅक्स अर्धा तास थंड होऊ द्या म्हटलेलं असतं. ते थंड मुलखासाठी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मऊ वॅक्स दोन तासांनीही स्क्रेपरला नुसतं चिकटतं, सालपटं निघतच नाहीत. रात्री वॅक्स लावा, पहाटे खरवडा. पत्र्याच्या खोलीत हे काम करूच नका. इस्त्री फिरवताना पंखाही बंद, नाहीतर थर एका बाजूने आधी आखडतो. उन्हाळ्यात ही शिक्षाच आहे, पण वीस मिनिटांची.

किटमधला स्क्रेपर ३ मिलिमीटरचा आणि लवचिक. दाब दिला की मध्ये वाकतो आणि वॅक्स पट्ट्यापट्ट्यांत मागे राहतं. पाट्या बनवणाऱ्या दुकानातून ५ मिलिमीटर ॲक्रिलिकचा उरलेला तुकडा कापून घ्या. कड सँडपेपरवर काटकोनात घासा, धार गेली की पुन्हा घासा. खरवडायचं नाकाकडून शेपटीकडे, म्हणजे बोर्डच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे, एकाच दिशेने, लांब हाताने. पोलादी कडांवरचं वॅक्स स्क्रेपरच्या कोपऱ्याने काढा. त्यानंतर नायलॉन ब्रश मारा, तळावरच्या बारीक रेषा मोकळ्या दिसेपर्यंत. किटचा ब्रश ठीक आहे.

शेवटी पुसायला मात्र सोलापुरी टॉवेल नको. एरवी त्याला तोड नाही, पण त्याचे धागे वॅक्सला चिकटतात. जुन्या धोतराचा तुकडा बरा.

खाली जुने पेपर अंथरा. शहाबादी फरशीवर सालपटं पडली की पाय सटकलाच समजा. ती मोरीत ढकलू नका, पाइपात गोठतात.

वॅक्स निवडताना आपल्याकडची हवा बघू नका, बर्फाचं तापमान बघा. जानेवारीत गुलमर्गचा बर्फ कडक असतो. गरम हवेचं मऊ वॅक्स लावून गेलात तर बर्फाचे टोकदार कण त्यात रुततात आणि बोर्ड ब्रेक लावल्यासारखा अडतो. उणे ४ ते उणे १२ लिहिलेली वडी घ्या. फ्लोरोवालं (फ्लोरिनची रसायनं असलेलं) महाग वॅक्स कोणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाने ते स्पर्धांतूनही बाद केलंय.

हंगाम संपला की जाड थर लावा आणि खरवडू नका, कडांवरही ओघळू द्या. तळ कोरडा पडून पांढरा होत नाही, पावसाळ्यात कडा गंजत नाहीत. बोर्ड पलंगाखाली ठेवा. माळ्यावर, तापलेल्या स्लॅबला लागून, नाही.