किलोवर घेतलेला काँक्रीट

वाशीत सेक्टर १७ ला किलोवर पुस्तकं विकायला आली होती. मी गेले होते मुलीसाठी डिक्शनरी शोधायला. ती काही धड मिळाली नाही, पण कॉमिक्सच्या ढिगात एका पुस्तकाच्या पाठीवर ‘काँक्रीट’ छापलेलं दिसलं आणि हात आपसूक तिकडे गेला. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लान्टच्या लॅबमध्ये सोळा वर्षं मी क्यूब फोडते आहे: अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे मशीनमध्ये दाबायचे आणि ताकदीचा ग्रेड बघायचा. हा शब्द दिसला की पाय अडतोच. आधी वाटलं, कुणीतरी आयएस कोडचं, म्हणजे बांधकामाच्या भारतीय मानकांचं, गाइड चुकून इकडे टाकलंय. उघडलं तर आत एक धोंड्यासारखा माणूस, खांदे पाडून बसलेला. काट्यावर टाकून पैसे दिले.

अमेरिकन लेखक-चित्रकार पॉल चॅडविकचं ‘काँक्रीट’ हे कॉमिक १९८६ साली ‘डार्क हॉर्स प्रेझेंट्स’ ह्या मासिकाच्या पहिल्याच अंकात आलं. डार्क हॉर्स तेव्हा नुकतीच सुरू झालेली, मार्व्हल आणि डीसी ह्या बड्या दोन कंपन्यांच्या बाहेरची प्रकाशनसंस्था. १९८८ मध्ये कॉमिक्सचे आयस्नर पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा उत्तम मालिका, उत्तम नवी मालिका आणि उत्तम कृष्णधवल मालिका हे तिन्ही ह्यालाच गेले. मला मिळाला तो ‘डेप्थ्स’ नावाचा पहिला खंड. असे एकूण सात आहेत.

रॉन लिथगो हा एका सिनेटरची भाषणं लिहून देणारा माणूस. मित्राबरोबर डोंगरात तंबू ठोकून राहायला जातो, तिथे परग्रहावरचे लोक दोघांना पकडतात आणि त्यांचे मेंदू दगडी शरीरांत बसवतात. रॉन निसटून परत येतो. सात फुटांवर उंची आणि हजार पौंडांवर वजन घेऊन. तो परत आला कसा आणि मित्राचं काय झालं, हे मी सांगणार नाही. पुस्तकातला सगळ्यात गार करणारा भाग तोच आहे.

आता माझ्यातली लॅबवाली बोलणार, इलाज नाही. हजार पौंड म्हणजे साडेचारशे किलो. आमचा १५० मिमीचा क्यूब आठ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे छप्पन्न क्यूबांचा हा एक माणूस. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतल्या लिफ्टमध्ये पाटी आहे: ६ व्यक्ती, ४०८ किलो. हा एकटा आत शिरला तरी लिफ्ट जागची हलणार नाही. बाकीच्या सुपरहिरोंच्या गोष्टींत असले प्रश्न कुणी काढत नाही. माणूस गच्चीवर धप्पकन उतरतो आणि स्लॅबला तडासुद्धा जात नाही. मी दर वेळी मनात म्हणते, अरे, पंचिंग शिअर, म्हणजे एका जागच्या भाराने स्लॅबला भोक पडेल का ते, कुणी बघितलं का? चॅडविकने बघितलंय. ह्याची बोटं टाइपरायटरवर चालत नाहीत, म्हणून लिहून घ्यायला लॅरी मन्रो नावाचा तरुण पगारावर ठेवावा लागतो. वस्तू हातात मोडतात. नजर मात्र अशी तीक्ष्ण की फार लांबचंही बारीक दिसतं. स्पर्श जवळजवळ नाहीच. एवढी ताकद आली आणि कुणी हात धरला तर तो कळेनासा झाला, हे पानापानांतून पाझरत राहतं, आणि त्यासाठी कुणाला भाषण ठोकावं लागत नाही.

मग हा नायक करतो तरी काय? खलनायक जवळपास नाहीतच. हा प्रवासाला निघतो. अटलांटिक पोहून जायचं ठरवतो. (भरीव काँक्रीट बुडतं हो. पहिल्या पानापासून माझा जीव टांगणीला.) कोसळलेल्या खाणीत उतरतो. दुसऱ्या ‘हाइट्स’ खंडात एव्हरेस्ट चढायला जातो आणि अडचणीतल्या एका कुटुंबाच्या शेतावर राबतो. माझी आवडती शेतावरचीच. शेतातलं काम फक्त ताकदीने होत नसतं, हे त्या गोष्टीला ठाऊक आहे.

पण मी हे लिहायला बसले ती सरकारी माणसांमुळे. रॉन परत आल्यावर त्याला ताब्यात घेते ती नॅशनल सायन्स एजन्सी. आद्याक्षरं अमेरिकेच्या खऱ्या गुप्तहेर संस्थेचीच, एनएसए. चॅडविकची ही खोडी. तिथला स्टॅमबर्ग नावाचा अधिकारी काळा चष्मा लावून बंदूक रोखणारा नाही. सरकारी इंजिनिअरांबरोबर ज्यांचं आयुष्य गेलं ते त्याला लगेच ओळखतील: आवाज चढवत नाही, चहा विचारतो आणि फाइल कधीच सोडत नाही. परग्रहाची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून एजन्सी काय करते? रॉनला कोंडून ठेवत नाही. हा आमच्याच सायबॉर्ग, म्हणजे माणूस आणि यंत्र जोडण्याच्या, प्रयोगातून वाचलेला एकटा माणूस, असं जाहीर करते आणि त्याला टीव्हीवर इतका दाखवते की लोकांना कंटाळा यावा. ओरडणाऱ्या नायकापेक्षा मला ही युक्ती जास्त भयंकर वाटली. एका साइटवर मी एकदा फेल गेलेल्या क्यूबांचा रिपोर्ट दिला होता. तो कुणी दाबला नाही. त्याला आणखी चाळीस रिपोर्ट जोडले आणि सगळा गठ्ठा पुढे पाठवला. कुणी वाचलाच नाही.

त्याला तपासायला नेमलेली शास्त्रज्ञ मॉरीन व्हॉनेगट हीसुद्धा एजन्सीचीच. रॉनचा जीव तिच्यावर आणि ती त्याची रीडिंग घेतेय. ती वाईट नाही, तिला खरंच कुतूहल आहे. कुतूहल आणि माया ह्यांतला फरक तिलाही नीट कळत नसावा. ही पानं मी दोनदा वाचली.

आता तक्रारी. ह्या खंडांचा आकार मूळ अंकांपेक्षा लहान आहे, त्यामुळे चॅडविकची बारीक रेघ आणि अक्षरं दोन्ही दाटली आहेत. चाळिशीचा चष्मा लागेल. रॉन भाषणं लिहिणारा, तेव्हा मनातल्या मनातही लांबच लांब वाक्यांत बोलतो. इंग्रजी अवघड नाही, पण भरपूर आहे. चॅडविक आधी सिनेमांची स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधीची दृश्यांची चित्रं, काढायचा, ते चित्रांत दिसतं. जिथे तो शब्द आवरतो तिथे पान उघडं आभाळ होतं. जिथे आवरत नाही, तिथे शिकवणी. पाचवा खंड ‘थिंक लाइक अ माउंटन’ मैत्रिणीकडून आणला: जुनं जंगल वाचवायला निघालेल्या आंदोलकांबरोबर आपला दगड. मुद्दा पटतो, पण वाचताना माणसं कमी आणि पत्रकं जास्त भेटतात. शिवाय पारसिकच्या डोंगराकडे रोज लोकलच्या खिडकीतून बघणारी आणि दिवसभर खडीचे ढीग चाळणारी मी, डोंगरासारखा विचार कर म्हटल्यावर थोडी गप्पच झाले.

मारामारी हवी असणाऱ्या पोरांना हे देऊ नका, दहा मिनिटांत बाजूला ठेवतील. माझ्या मुलीने ठेवलं. पण लॅबमधल्या असिस्टंटने डबा खाताना उचललं आणि खाणीच्या गोष्टीपर्यंत जेवण गार केलं.

“मॅडम, ह्याचा ग्रेड काय असेल हो?”

“अठ्ठावीस दिवसांनी सांगते,” म्हटलं.

तेव्हापासून पुस्तक क्यूब भिजवायच्या क्युरिंग टँकच्या वरच्या फळीवर असतं. कव्हरवर सिमेंटच्या बोटांचे ठसे उमटलेत आणि सध्या ते ट्रान्झिट मिक्सरच्या एका ड्रायव्हरकडे आहे. त्याला इंग्रजी येत नाही. तो चित्रं बघतो.