जर्मनीतलं विद्यार्थी वसतिगृह: हिवाळा-उन्हाळा काढल्यावर काय पटलं, काय खटकलं

श्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं चालवणारी संस्था, तिच्या वसतिगृहातली खोली मिळत असेल तर सोडू नका. दोन्ही ऋतू तिथे काढल्यावर आमचं हे मत पक्कं झालं आहे, आणि त्यात स्वस्त भाड्याचा वाटा निम्माच आहे. उरलेलं कारण म्हणजे पत्ता. जर्मनीत टॅक्स नंबर, पगार, रेसिडेन्स परमिट, बऱ्याच ठिकाणी बँकसुद्धा, हे सगळं एका नोंदवलेल्या पत्त्यावर अवलंबून असतं. खोली दोन चौरस मीटरने लहान निघाली तरी वर्ष निभतं. पत्त्यावर नोंदणीच होत नसेल तर पहिल्या महिन्यातच गाडं अडतं.

देशभरात अशी 57 श्टुडिरेंडनवेर्क आहेत. ती विद्यापीठाचा विभाग नसतात, स्वतंत्र संस्था असतात, आणि बहुतेक वेळा एका शहरातल्या किंवा भागातल्या सगळ्या विद्यापीठांना मिळून एकच असते. त्यामुळे प्रवेश मिळाला म्हणजे खोली आपोआप मिळत नाही. अर्ज वेगळा करावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी तो प्रवेशपत्र हातात येण्याआधीच करता येतो, म्हणून त्याची वाट बघत बसू नका. म्युनिकमध्ये प्रतीक्षायादी काही सेमिस्टर लांब जाते. केमनिट्झ किंवा माग्डेबुर्गसारख्या पूर्वेकडच्या शहरांत खोली त्या मानाने लवकर मिळते. यादीत नाव लागलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. काही ठिकाणी ठरावीक काळाने 'मला अजून खोली हवी आहे' असं ऑनलाइन कळवावं लागतं. ती आठवण करून देणारी ईमेल स्पॅममध्ये गेली की नाव यादीतून उडतं. खोली देऊ केल्यावर होकार द्यायलाही मोजकेच दिवस मिळतात.

खोल्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. एक, लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या आणि मजल्यावर आठ-पंधरा जणांत एक स्वयंपाकघर. दोन, मुख्य दाराच्या आत तीन-चार खोल्या, त्यांचं स्वतःचं किचन आणि बाथरूम. एकट्याची अपार्टमेंटही असतात, पण त्यांची यादी सगळ्यात लांब. अर्जात पसंतीची क्रमवारी देताना दुसरा प्रकार वर ठेवा. पहिल्या प्रकारात माणसं पटकन ओळखीची होतात हे खरं, पण रात्री आठला चार बर्नरसमोर दहा जण उभे असतात आणि सफाईचा तक्ता भिंतीवरच राहतो. तीन-चार जणांत भांडी कुणी तशीच टाकली हे लगेच कळतं, म्हणून स्वच्छता टिकते.

खोली साधारण 10 ते 16 चौरस मीटरची. पलंग, गादी, टेबल, खुर्ची, कपाट एवढं असतं. चादर, उशी, पांघरूण, भांडी काहीही नसतं. गादी बहुधा 90 बाय 200 सेंटिमीटर, पांघरूण 135 बाय 200 आणि उशी चक्क 80 बाय 80. घरून आणलेले अभ्रे या उशीला बसत नाहीत, तेव्हा बॅगेतली ती जागा दुसऱ्या कशाला तरी वापरा.

भाड्याच्या आकड्याकडे बघताना तो 'वार्म' आहे की 'काल्ट', हे आधी तपासा. काल्टमीटे म्हणजे नुसतं जागेचं भाडं. वार्ममीटेत हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई, कचरा असे जोडखर्च धरलेले असतात. वसतिगृहात वीज आणि इंटरनेटही बहुतेक त्यातच येतं, बाहेरच्या फ्लॅटमध्ये ही दोन बिलं वेगळी. जर्मन सरकार बाफ्योग या विद्यार्थी-अर्थसाहाय्यात घरासाठी महिन्याला 380 युरो धरतं. वसतिगृहाचं भाडं अनेक शहरांत त्याच्या आसपास किंवा खाली राहतं, मोठ्या शहरातली खासगी खोली मात्र त्यात बसत नाही.

सुरुवातीच्या पैशांचं गणित बहुतेकांचं चुकतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरलेले असतात, म्हणून हातात पैसे आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातून महिन्याला 992 युरोच सुटतात, आणि तेही जर्मनीत पोहोचून चालू खातं उघडल्यावर. डिपॉझिट आणि पहिलं भाडं त्याआधी, कधी कधी चावी मिळण्याआधीच भरायचं असतं. तेव्हा डिपॉझिट, दोन महिन्यांचं भाडं आणि अंथरूण-भांड्यांचा खर्च एवढी रक्कम ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर ठेवा. कायद्याने डिपॉझिट तीन काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. पुढे भाडं खात्यातून आपोआप वळतं होतं. 992 युरो जमा होण्याची तारीख आणि भाडं वळतं होण्याची तारीख यांत दोन दिवसांचा जरी उलटा फरक पडला, तरी व्यवहार परत जातो आणि त्याचा दंड आपल्याला बसतो.

आता नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाने सही केलेलं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे तुम्ही तिथे राहायला आला आहात असं सांगणारं प्रमाणपत्र, लागतं. भाडेकरार दाखवून काम होत नाही, हाच कागद लागतो. वसतिगृहाचं ऑफिस तो करारासोबत किंवा चावीसोबत देतं, म्हणून आम्ही पत्त्याला एवढं महत्त्व देतो. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांच्या आतली अपॉइंटमेंट मिळणं अवघड असतं. विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवशी स्लॉट शोधायला लागा आणि अपॉइंटमेंटचा पुरावा जपून ठेवा. नोंदणी झाली की काही आठवड्यांत 11 अंकी टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. तो नसेल तर पार्टटाइम नोकरीच्या पगारातून सगळ्यात चढ्या वर्गाने कर कापला जाण्याची वेळ येते.

पोस्टाने येतो, हे महत्त्वाचं. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. खोली क्रमांक लिहिला म्हणून भागत नाही. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर हे सगळं पहिल्या महिन्यात वेगवेगळ्या पाकिटांतून येतं. चावी मिळाल्याच्या दिवशीच कागदाची पट्टी कापून, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये नाव लिहून, पारदर्शक टेपने पेटीवर आणि बेलवर चिकटवा. आधीच्या माणसाचं नाव काढून टाका.

चावीबद्दल थोडं सविस्तर. चावी हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा देखरेख करणारा माणूस, कामाच्या दिवशी ठरावीक तासांतच देतो. शुक्रवारी संध्याकाळी उतरलात तर सोमवारपर्यंत हॉटेल शोधावं लागतं. हिवाळी सेमिस्टरचे करार बहुतेक 1 ऑक्टोबरपासून सुरू होतात आणि 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, हे लक्षात ठेवून तिकीट काढा. दुसरं असं, की इथल्या खोलीच्या दाराला बाहेरून बहुधा फिरणारी मूठ नसते, नुसता स्थिर गोळा असतो. चावी आत ठेवून कचरा टाकायला गेलात आणि वाऱ्याने दार लागलं की आत जाता येत नाही. रात्री किंवा रविवारी कुलूपवाला बोलावणं फार महाग पडतं. चावी हरवणं त्याहून महाग, कारण ती बहुतेक वेळा मुख्य दारालाही चालते आणि मग अनेक कुलपांचे आतले भाग बदलावे लागू शकतात. वर्षाला साधारण 40 ते 60 युरोत मिळणारा हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे दायित्व विमा, पहिल्याच आठवड्यात घ्या. त्यात भाड्याच्या जागेची चावी हरवण्याचं संरक्षण आहे ना, हे वाचूनच सही करा.

हिवाळा सुरू झाला की खोलीची खरी परीक्षा होते. रेडिएटरच्या नॉबवर 1 ते 5 आकडे असतात. ते तापमान दाखवतात, तापण्याचा वेग नाही: 3 म्हणजे साधारण 20 अंश, पुढचा-मागचा प्रत्येक आकडा सुमारे 4 अंशांचा, आणि चांदणीची खूण म्हणजे पाइप गोठू नयेत एवढंच, 6 अंशांच्या आसपास. थंडी वाजते म्हणून 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त 28 अंशांपर्यंत तापत राहते. नॉबसमोर पडदा किंवा कपाट असेल तर आतला सेन्सर गरम हवेच्या खिशात अडकतो आणि खोली गार असतानाच हीटर बंद करतो.

खरा त्रास बुरशीचा. माणसाच्या श्वासाची, स्वयंपाकाची, ओल्या कपड्यांची वाफ बंद खोलीत साठते आणि सगळ्यात गार जागी, म्हणजे खिडकीच्या कडेला आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पाणी होऊन बसते. तिथे आधी राखाडी ठिपके दिसतात, मग काळा पट्टा. उपाय म्हणजे दिवसातून दोन-तीनदा नॉब बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच ते दहा मिनिटं, आणि मग बंद करायची. खिडकी वरून तिरपी करून दिवसभर ठेवणं अगदी चुकीचं. हवा हळूहळू बदलते, पण खिडकीभोवतीची भिंत थंडगार होते आणि वाफ नेमकी तिथेच धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून 5 ते 10 सेंटिमीटर पुढे ओढा. दहा युरोच्या आसपास मिळणारा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. आकडा 40 ते 60 टक्क्यांत हवा. कपडे खोलीत वाळत घालू नका, तळघरात वाळवण्याची खोली असते. एवढं करूनही ठिपके आले तर दोष इमारतीचा असू शकतो. त्याच दिवशी फोटो काढून ऑफिसला लेखी कळवा. उशीर केला की 'तुम्ही खिडकी उघडत नव्हता' हे उत्तर ठरलेलं.

स्वयंपाकात तेल धूर निघेपर्यंत तापवू नका आणि खोलीत इलेक्ट्रिक शेगडी लावू नका. मोठ्या वसतिगृहांत धूर ओळखणारी यंत्रणा थेट अग्निशमन दलाला जोडलेली असू शकते, आणि निष्काळजीपणामुळे गाडी आली तर बिल रहिवाशाच्या नावावर येऊ शकतं. आवाजाचं म्हणाल तर रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, आणि रविवारी ड्रिल वगैरे अजिबात नाही.

नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं: घरामागे महिन्याला 18.36 युरो, तीन महिन्यांचे मिळून 55.08. इथे खोलीचा प्रकार पुन्हा आडवा येतो. सार्वजनिक कॉरिडॉरवर उघडणारी खोली स्वतंत्र घर धरली जाते, म्हणजे प्रत्येकाने पूर्ण शुल्क भरायचं. मुख्य दाराच्या आतल्या चार खोल्या मिळून एकच घर. तिथे एकाने भरायचं, बाकीच्यांनी त्याचा शुल्क क्रमांक कळवायचा आणि आपसात वाटून घ्यायचं. पत्र फेकून दिलंत तर मागच्या तारखेपासून थकबाकी लागते.

वसतिगृह मिळालंच नाही तर वे-गे, म्हणजे काही जणांनी मिळून चालवलेल्या फ्लॅटमधली खोली, हा दुसरा चांगला पर्याय. तिथे तुम्ही मुख्य भाडेकरू आहात की उपभाडेकरू, घरमालकाची लेखी परवानगी आहे का आणि नोंदणी होईल का, हे तिन्ही प्रश्न फोटो बघण्याआधी विचारा. 'नोंदणी होणार नाही' असं लिहिलेली जागा फार तर पहिले दोन आठवडे टेकायला ठीक. खासगी कंपन्यांची सुसज्ज अपार्टमेंट परदेशातून ऑनलाइन सहज बुक होतात, पण भाडं खूपच जास्त आणि करार बहुधा ठरावीक मुदतीचा, मध्येच सोडता न येणारा. आणि मालक परदेशात आहे, पैसे पाठवले की चावी पोस्टाने येईल, असं सांगणारी जाहिरात ही फसवणूकच समजा, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. व्हिडिओ कॉलवर दारावरची बेलची पाटी, जिना आणि खोली सलग दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली की विषय संपवा.

वसतिगृहाचा सगळ्यात मोठा तोटा सोडताना कळतो. अनेक करार फक्त सेमिस्टरच्या शेवटी, 31 मार्च किंवा 30 सप्टेंबरलाच संपवता येतात. मध्येच दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळाली तर भाडं चालूच राहतं. खोली दुसऱ्याला द्यायची तर ऑफिसची परवानगी लागते, नुसत्या तोंडी व्यवहारावर करार रद्द होऊ शकतो. खासगी, बेमुदत करारात भाडेकरूची नोटीस साधारण तीन महिन्यांची, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचली तरच तो महिना धरला जातो. नोटीस कागदावर, हाताने सही करून द्यावी लागते. ईमेलने दिलेली कायद्याने चालत नाही.

येताना खोलीच्या स्थितीची नोंद म्हणून युबरगाबेप्रोटोकोल भरतात, त्यात काहीच मोघम सोडू नका. गादीवरचा डाग, टेबलावरचा ओरखडा, बेसिनची तडा गेलेली कड, खिडकीच्या रबराची बुरशी, सगळं लिहा आणि तारखेचे फोटो ठेवा. सोडताना हाच कागद समोर धरून डिपॉझिटमधून कपात होते. उरलेली रक्कम लगेच येत नाही. काही महिने लागतात, आणि जोडखर्चाचा हिशेब बाकी असेल तर त्यातला काही भाग आणखी अडकतो. म्हणून देश सोडत असलात तरी जर्मन बँकखातं ती रक्कम जमा होईपर्यंत बंद करू नका, आणि नवा पत्ता व खातं क्रमांक ऑफिसला लेखी देऊन त्याची पोच घ्या.