जुन्या मोटारीचा विमा: फक्त थर्ड पार्टी, आग-चोरीची जोड की पॅकेज पॉलिसी?

घरात सांभाळलेली जुनी मोटार बहुधा तीनपैकी एका अवस्थेत असते. एकतर ती शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी असून तिचे पत्राकाम चालू असते, नाहीतर ती रविवारी सकाळी फेरफटका मारते, किंवा वर्षातून दोन-चार वेळा रॅलीपुरती बाहेर पडते. विम्याचा निर्णय या अवस्थेपासून सुरू करावा असे मला वाटते, कारण एकच पॉलिसी एका अवस्थेत पैसे वाया घालवणारी आणि दुसऱ्या अवस्थेत अपुरी ठरू शकते. पुढची तुलना आपल्याकडे खूप जपल्या गेलेल्या एका गाडीला, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाटला धरून केली आहे. १९६८ची फियाट ११०० डिलाइट आणि १९८४ची प्रीमियर पद्मिनी अशा दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या, तर बहुतेक प्रश्न सुटतात.

या दोन गाड्यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून प्रमाणपत्र १० वर्षे चालते, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अर्जासोबत चालू विमा पॉलिसी जोडावी लागते, म्हणजे विम्याचा विचार नोंदणीच्या आधीच करावा लागतो. १९६८ची फियाट या नियमात बसते आणि १९८४ची पद्मिनी बसत नाही. पद्मिनी साध्या खासगी गाडीसारखीच आरसीचे (नोंदणी प्रमाणपत्राचे) नूतनीकरण करत चालवावी लागते.

व्हिंटेज नोंदणीचा विम्याला थेट फायदा आहे. जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचा, हप्ता ३,४१६ रुपये आहे. फियाट आणि पद्मिनी दोन्ही १,०८९ सीसीच्या असल्याने याच गटात येतात, आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला या हप्त्यात ५० टक्के सवलत आहे, म्हणजे १,७०८ रुपये अधिक जीएसटी. मात्र या सवलतीसाठी व्हिंटेज नोंदणी करण्याचा मोह कोणी धरू नये. त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज मुलांना शाळेत सोडायला ती गाडी वापरली आणि अपघात झाला, तर वापराच्या अटीचा भंग हे दावा अडण्याचे कारण तुम्ही स्वतःच कंपनीच्या हाती दिलेले असते. जिला गाडी मनसोक्त चालवायची आहे तिने साधी नोंदणीच ठेवावी, १,७०८ रुपयांसाठी ते स्वातंत्र्य सोडू नये.

‘व्हिंटेज’ या शब्दाचा विम्यात आणखी एक जुना अर्थ आहे आणि त्यावरून नेहमी गोंधळ होतो. २००२च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दर-नियमावलीत, ३१ डिसेंबर १९४०पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २५ टक्के सूट दिलेली आहे. १९६८च्या फियाटला ती लागू होत नाही. १ जानेवारी २००७पासून हे दर खुले झाल्याने कंपनी स्वतःहून सूट देऊ शकते, पण मालकाने ती हक्काची म्हणून गृहीत धरू नये.

आता पर्यायांकडे वळू. फक्त थर्ड पार्टी हा पर्याय गाडी सार्वजनिक जागी आणायची असेल तर कायद्याने सक्तीचाच आहे. त्यात दुसऱ्याचा जीव, इजा आणि मालमत्ता यांची जबाबदारी येते, आणि आपल्या गाडीला एक पैसाही मिळत नाही. दुसरा पर्याय थर्ड पार्टीला आग किंवा चोरी किंवा दोन्हींची जोड देण्याचा आहे. तिसरा पॅकेज पॉलिसीचा, ज्याला सगळे ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. चौथा पर्याय एजंट क्वचितच सुचवतात: गाडी शेडमध्ये बंद उभी असेल आणि वापरातच नसेल, तर नुसता आग-चोरीचा विमा घेण्याची सोय टॅरिफमध्ये आहे. दोन-तीन वर्षे चालणाऱ्या पुनर्बांधणीच्या काळात, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि पेंटचे थिनर एकाच शेडमध्ये असताना, हा पर्याय खूपच उपयोगी आहे, म्हणून तो लेखी मागावा.

दुसरा आणि तिसरा पर्याय यांतला खरा फरक महाराष्ट्रात तरी पाण्याने ठरतो. आग-चोरीच्या जोडीत पूर येत नाही, पॅकेजमध्ये येतो. २६ जुलै २००५ची मुंबई, ऑगस्ट २०१९चे सांगली-कोल्हापूर किंवा जुलै २०२१चे चिपळूण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तळमजल्यावरच्या शेडमधल्या गाडीचे काय होते हे सांगण्याची गरज नाही. गाडी नदीकाठच्या किंवा सखल भागात उभी राहत असेल, तर ती वर्षभर हलली नाही तरी पॅकेजच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅकेजमध्ये भूकंप, दंगल, दरड आणि रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना होणारे नुकसानही येते. त्यामुळे पुण्याहून मुंबईच्या रॅलीला फ्लॅटबेड ट्रकवर गाडी नेणाऱ्याला वेगळी सोय शोधावी लागत नाही. पाण्यात बुडालेले इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये, कारण त्यातून होणारे पुढचे नुकसान परिणामी नुकसान म्हणून नाकारले जाते.

पॅकेज घ्यायचे ठरले की महत्त्वाचा आकडा येतो तो घोषित मूल्याचा, म्हणजेच आयडीव्हीचा. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचे, म्हणजे वयानुसार मूल्यातून होणाऱ्या कपातीचे, कोष्टक असते. त्याहून जुन्या किंवा उत्पादन बंद झालेल्या मॉडेलचे मूल्य विमेदार आणि कंपनी यांच्या समजुतीने ठरते. इंटरनेटवर या विषयावर जे वाचायला मिळते ते बहुतांशी अमेरिकेतले असते. तिथे ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ म्हणजे ठरलेली रक्कम पूर्ण मिळते आणि ‘स्टेटेड व्हॅल्यू’मध्ये बाजारभाव कमी भरला तर कमीच रक्कम मिळू शकते. आपल्याकडे पॉलिसीवर एकदा छापलेले आयडीव्ही हे संपूर्ण नुकसानीच्या दाव्यात वर्षभर बाजारमूल्य म्हणूनच धरले जाते, त्यावर पुन्हा घसारा लागत नाही. म्हणून वाटाघाट करायची ती पॉलिसी घेतानाच.

हप्ता वाचवण्यासाठी आयडीव्ही खाली आणणे ही मला दिसणारी सर्वांत महाग चूक आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी संपूर्ण नुकसान धरली जाते. ज्या फियाटवर मालकाने तीन लाख खर्च केले, तिचे आयडीव्ही ८०,००० लिहिले असेल, तर ६०,००० रुपयांची हद्द एका मध्यम धडकेतच ओलांडली जाते. मग मालकाच्या हाती ८०,००० रुपयांच्या आतली रक्कम येते आणि दुरुस्त होण्यासारखी गाडी भंगार म्हणून हातची जाण्याची वेळ येते. क्लबचे किंवा मान्यताप्राप्त मूल्यांककाचे मूल्यांकन, पुनर्बांधणीची बिले आणि चारही बाजू, इंजिन व चॅसिस नंबर यांचे तारखेसह फोटो प्रस्तावाला जोडले, तर योग्य मूल्य मागता येते.

आंशिक नुकसानीत मात्र घसारा लागतोच, आणि जुन्या गाडीचा मालक तिथेच सर्वाधिक मार खातो. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या लाकडी आणि पत्र्याच्या भागांवर ५० टक्के, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के कपात होते. काचेवर कपात नाही. रंगकामात बिलाच्या चौथ्या हिश्शाला साहित्य धरून त्याच्या निम्मे कापतात. मजुरीवर घसारा नाही, आणि जुन्या गाडीचे काम मुख्यतः मजुरीचेच असते. आमच्या फियाटच्या डाव्या मडगार्डला मागे येणारा टेम्पो घासला, तेव्हा नवा मडगार्ड कुठे मिळालाच नाही. कारागिराने चार दिवस हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन तोच मडगार्ड सरळ केला, कडेला गंजलेला चार बोटे रुंदीचा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला. गॅरेजने बिलावर एकच ओळ लिहिली: ‘डावा मडगार्ड, १५,२००’. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने तो नवा सुटा भाग समजून ७,६०० कापले. आम्ही झालेल्या कामाप्रमाणे बिल फोडून मागितले: मजुरी १४,०००, पत्रा व साहित्य १,२००. कपात ६०० रुपयांवर आली. झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे घसारा न कापण्याची, जोड बहुतेक कंपन्या काही वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना देत असल्याने जुन्या गाडीच्या मालकाला बिलाची ही शिस्तच उपयोगी पडते.

रॅलीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर साध्या पॉलिसीत वगळलेले असतात. आयोजकांनी ठरावीक वेळेत टप्पा गाठण्याची स्पर्धा ठेवली असेल, तर रिलायबिलिटी ट्रायल व रॅलीचे वेगळे एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायची पुरवणी) आधी घ्यावे. नुसते संचलन आणि प्रदर्शन असेल तरी कार्यक्रमाचे स्वरूप कंपनीला ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवावे.

एवढे पाहता, रविवारी चालणाऱ्या १९८४च्या पद्मिनीला मी साधी नोंदणी आणि प्रामाणिक आयडीव्हीसह पॅकेज देईन, आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढणारा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकवण्यासाठी किरकोळ खरचटल्याचे दावे करणार नाही. व्हीए नंबरच्या १९६८च्या फियाटलाही पॅकेजच. फक्त ती उंचावरच्या बंद गॅरेजमध्ये राहत असेल, वर्षातून दोनदाच बाहेर निघत असेल आणि अपघाताच्या दुरुस्तीचा खर्च मालकाला झेपणारा असेल, तर थर्ड पार्टीला आग-चोरीची जोड पुरेशी आहे. ठोकळ्यांवरच्या गाडीला नुसता आग-चोरीचा विमा घ्यावा, आणि तो ज्या दिवशी चाके लावून गाडी पहिल्यांदा फाटकाबाहेर काढायची त्याच्या आदल्या दिवशीच बदलून घ्यावा, कारण रंग कसा बसला हे पाहायला कोपऱ्यापर्यंत नेलेली गाडीही कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक रस्त्यावरच असते.