सिल्व्हिया हुडकायची तर जेपीएलचं होरायझन्स

लघुग्रह दुर्बिणीतून शोधणाऱ्यांनी मोबाइलवरची देखणी ॲप बाजूला ठेवावीत आणि नासाच्या जेपीएलची (जेट प्रपल्शन लॅबोरेटरी) रूक्ष पानं उघडावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. लघुग्रहांची माहिती देणारा स्मॉल-बॉडी डेटाबेस आणि ते आकाशात कधी कुठे असतील ते सांगणारं होरायझन्स, या दोन्ही सेवा फुकट आहेत आणि लॉगिनची भानगड नाही. रूप म्हणाल तर निव्वळ तक्ता.

परीक्षेला मी ८७ सिल्व्हिया घेतली, म्हणजे ८७ क्रमांकाचा लघुग्रह. १८६६ साली खगोलशास्त्रज्ञ पॉगसननं मद्रासच्या वेधशाळेतून शोधलेली, म्हणून तिच्यावर माझा जरा जास्त जीव. डेटाबेसमध्ये नाव टाकलं की वर्ग येतो: बाह्य पट्ट्यातला, म्हणजे मंगळ-गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या भागातला, लघुग्रह. सूर्यापासूनचं सरासरी अंतर सुमारे ३.४८ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक), प्रदक्षिणा साडेसहा वर्षांची, स्वतःभोवतीची गिरकी मात्र जेमतेम सव्वापाच तासांची! कक्षेच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता छापलेली असते, व्यास-घनतेसारख्या आकड्यांखाली संदर्भ. मला हेच सगळ्यात आवडतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जेपीएलचा 'बाह्य पट्टा' ३.२ एककांपासून सुरू होतो. त्यामुळे एरवी बाह्य पट्ट्यात गणली जाणारी १० हायजिया (३.१४ एकक) इथे साध्या मुख्य पट्ट्यात सापडते. डेटाबेस चुकलेला नाही, रेघ वेगळ्या जागी मारली आहे एवढंच.

कक्षेचं त्रिमितीय चित्र फिरवायला मजा येते. गुरूची आणि सिल्व्हियाची वाट शेजारी ठेवून बघा. रात्रीच्या कामाला मात्र ते चित्र निरुपयोगी.

रात्रीचं काम होरायझन्सचं. आपले अक्षांश-रेखांश, तारखा आणि किती वेळाच्या अंतरानं ओळी हव्यात ते भरायचं. विषुवांश आणि क्रांती (आकाशातले अक्षांश-रेखांशच म्हणा) आणि दृश्यप्रत (तेज; आकडा मोठा तितका ठिपका अंधुक) मागायची. अक्षांश-रेखांश थोडे इकडेतिकडे झाले तरी इतक्या लांबच्या दगडाची जागा फारशी हलत नाही, उगवण्या-मावळण्याच्या वेळा तेवढ्या बदलतात. वेळ मुळात यूटीमध्ये (जागतिक वेळेत) येते, ती सेटिंगमध्ये बदलता येते. स्क्रिप्ट लिहून माहिती ओढणार असाल तर लघुग्रहाच्या क्रमांकापुढे अर्धविराम (;) हवाच. नुसतं ४९९ लिहिलंत तर मंगळ मिळतो; '४९९;' लिहिलंत तर व्हेनुशिया, तीही बाह्य पट्ट्याचीच रहिवासी.

एका ॲपनं (नाव घेत नाही) याच सिल्व्हियाचा ठिपका भलत्याच ताऱ्यांमध्ये दाखवला होता. जुने कक्षाघटक (कक्षेचं वर्णन करणारे आकडे) ताजे न करता वर्षानुवर्षं वापरले, की गुरूची ओढ हिशेबाबाहेर राहते आणि ठिपका सरकत जातो. होरायझन्स ही ओढ धरूनच गणित करतं.

उणीव एकच, तारानकाशा मिळत नाही. आकडे घेऊन नकाशावर खुणा आपणच करायच्या. प्रतियुतीच्या, म्हणजे ती आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येते त्या, सुमारास सिल्व्हिया बाराव्या प्रतीच्या आसपास असते, म्हणजे आठ इंची दुर्बीण आणि काळोखं आकाश हवं. तिचे रोम्युलस आणि रेमस हे चंद्र विसरा, ते केक आणि व्हीएलटीसारख्या वेधशाळांतल्या प्रचंड दुर्बिणींचं काम. त्या दिवसांत ती रोज चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी सरकते. तेव्हा तक्ता तासातासाचा मागू नका, सलग दोन रात्रींचा मागा आणि दोन्ही जागा एकाच कागदावर मांडा.

नुसतं 'साधारण त्या बाजूला' एवढंच हवं असेल, तर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर पुरे.