लवचिक छोटा ट्रायपॉड : किती वाकतो यापेक्षा किती थांबतो ते बघा

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) आधी घेतला, आता उन्हाळाही उलटला. माझा कॅमेरा सोनी आरएक्स१००, तोही अगदी पहिलं मॉडेल, बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅम. ट्रायपॉड गोळी-वाटीच्या सांध्यांचा, वीतभर उंच, खोक्यावर पेलायचं वजन 'एक किलो' छापलेलं. खिशात जाणाऱ्या कॅमेऱ्यासाठी चारपट वजन पेलणारा ट्रायपॉड कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. इतके महिने वापरून सांगतो, तेवढा लागतोच.

नवी पेठेत दोन जाती मिळतात. एकीत आत जाड तार आणि वरून फोम किंवा रबर. दुसरीत प्लास्टिकच्या गोळ्या एकमेकींत घट्ट बसवलेल्या. जॉबीच्या गोरिलापॉडमुळे ही दुसरी जात सगळ्यांच्या ओळखीची झाली, आता तशाच घडणीचे कितीतरी निघालेत. दुकानदाराने आधी तारेचा पुढे केला. "मालक, मोबाइलला पायजे का कॅमेऱ्याला? हे बघा की ओ, कसंबी वळतंय!" वळतंय हे खरंच. पण वाकवला तिथे तो राहतो का, हे कुणी दाखवत नाही. तारेचा पाय थोडा परत उसळतो, म्हणजे चौकट जुळवून हात काढला की क्षितिज तिरकं. शिवाय तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की आतून थकते आणि एक दिवस तुटते. मोबाइलवर व्हिडिओ बघायला तो ठीक आहे. दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवायचं असेल तर गोळी-वाटीचाच घ्या.

आता त्या 'एक किलो'बद्दल. हा आकडा कॅमेरा पायांच्या बरोबर मध्यावर, सरळ ठेवला असेल तेव्हाचा समजायचा. प्रत्यक्षात झूम केला की लेन्स पुढे येते, वजन पुढे सरकतं आणि सगळा ताण सर्वांत वरच्या सांध्यांवर पडतो. त्यात पाय वाकडेतिकडे पसरलेले असले की हलका कॅमेरासुद्धा मुंडी घालतो. पाव किलोचा कॅमेरा आहे म्हणून पाव किलोवाला ट्रायपॉड घेऊ नये, ते यासाठी. आणि मांडताना एक पाय नेहमी लेन्सच्या खाली, पुढच्या बाजूला घ्यावा. या एका सवयीने निम्मी कटकट जाते.

सगळ्यात जास्त वापर झाला तो सिद्धेश्वर तळ्यावर. अंधार पडताना मंदिराचे दिवे पाण्यात उतरतात तेव्हा हातात धरून फोटो काढायचा म्हणजे आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) चढवा आणि दाणेदार फोटो घरी न्या. ट्रायपॉडवर आयएसओ १२५, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ आणि सेकंद-दीड सेकंद, एवढ्यात काम होतं. रेलिंगला तिन्ही पाय गुंडाळायचा मोह होतो, पण तसा तो मागेपुढे डोलतो. दोन पाय निदान दीड वेढा देऊन बांधा आणि तिसरा ताठ ठेवून खालच्या आडव्या पट्टीला टेकवा. कॅमेऱ्याला दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, नाहीतर बटण दाबण्याचा धक्काच फोटोत येतो. स्टेडीशॉट, म्हणजे हाताची थरथर सावरणारी कॅमेऱ्यातली सोय, बंद. एवढं करूनही शेजारी कुणी भेळ खात रेलिंगला टेकलं की संपलं! त्याला ट्रायपॉड काय करणार. थांबायचं, पुन्हा काढायचं.

यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाला होम मैदानावर उभं राहायलाही जागा मिळत नाही, तिथे ट्रायपॉड कुठे मांडणार? म्हणून मामेभावाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधला. फोकस हाताने लांबवर नेऊन ठेवला, एफ ८, चार-चार सेकंद. सेल्फ टायमरमुळे नेम चुकतो, अर्धे फोटो नुसत्या धुराचे आले, पण जे आले त्यांत फुलांच्या रेषा अगदी स्वच्छ आहेत. एका वेळी खाली मामींनी मोटर चालू केली आणि पाइप थरथरायला लागला, त्या पाच-सात फोटोंत प्रत्येक रेषेला नागमोडी झालर आहे. मामी म्हणतात तेच जास्त छान दिसतात.

नान्नजच्या माळावर मात्र याची मर्यादा कळते. बांधायला ना रेलिंग ना झाड, जमिनीवर ठेवला तर समोर गवताच्या काड्या. तिथे मोटारसायकलच्या आरशाच्या दांडीला बांधतो, इंजिन बंद करून, गाडी मधल्या स्टँडवर लावून. बरी उंची मिळते. वारा सुटला की तेही सोडून द्यावं लागतं.

झीज म्हणाल तर एका पायाचा वरचा सांधा सैल झाला आणि निखळला. तळहाताने दाबला की टक्कन बसतो, पण पकड पहिल्यासारखी नाही. माझ्या ट्रायपॉडच्या गोळ्या सुट्या होतात, म्हणून सैल झालेली काढून पायाच्या टोकाकडे बसवली आणि टोकाकडची घट्ट गोळी वर घेतली. वर ताण जास्त, खाली कमी. तेव्हापासून तक्रार नाही. सांध्यांत आपल्याकडची धूळ बसतेच, ती कोरड्या टूथब्रशने काढा. तेल अजिबात नको, पकड घर्षणावरच चालते. मे महिन्यात डिकीत राहिला तर पायांचं रबर चिकट होतं, आणि त्यावर पुन्हा धूळ बसते.

वरचं बॉल हेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा कलवता येणारी गोळी, मात्र सोडू नका. ते नसलेला स्वस्त पडतो, पण मग क्षितिज सरळ करायला दर वेळी तिन्ही पाय वळवत बसावं लागतं. स्क्रू अशा छोट्या ट्रायपॉडना बहुतेक पाव इंचीच असतो, त्याची काळजी नाही. उभ्या फोटोसाठी कॅमेरा उभा केला की तो स्क्रूवर हळूहळू फिरतो, म्हणून कॅमेरा बसतो त्या प्लेटवर रबराचा थर आहे का ते पाहा. प्लेट रुंद असेल तर खालचं बॅटरीचं झाकण अडतं आणि बॅटरी बदलायला सगळं सोडावं लागतं. त्यामुळे दुकानात जाताना आपला कॅमेरा बरोबर न्या. लेन्स पूर्ण बाहेर काढून, कॅमेरा उभा करून पाच मिनिटं काउंटरवर तसाच ठेवा. दुकानदार घाई करेल, तेवढ्यात झाकणही उघडून बघा.