मुलाच्या मानेतली गाठ: सुईने तपासायची की पूर्ण काढायची?

अँटिबायोटिकचा कोर्स होऊनही गाठ उतरत नाही आणि डॉक्टर हॉजकिन लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगाची) शंका बोलून दाखवतात. मग प्रश्न येतो: सुईने पेशी काढून बघायच्या (एफएनएसी), की शस्त्रक्रिया करून आख्खी गाठच तपासायला पाठवायची?

सुई सोपी. टाके नाहीत, खर्च कमी, रिपोर्ट लवकर. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की आधी टीबी आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. सुईतून पू आला तर थेट जीन एक्स्पर्ट या टीबीच्या तपासणीला पाठवता येतो. टीबीच्या शंकेपुरती सुरुवात सुईनेच करावी.

हॉजकिनमध्ये मात्र गाठीची घडणच सुईला चकवते. रीड-स्टर्नबर्ग या कर्करोगपेशी गाठीत अनेकदा जेमतेम १ टक्का असतात. बाकी सगळी गर्दी मुलाच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशींची: लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मॅक्रोफेज. कर्करोगपेशीच त्यांना बोलावून घेतात आणि वर पीडी-एल१ या प्रथिनाने टी-पेशींना गप्पही बसवतात. सुईत नुसती ही गर्दी आली की रिपोर्टवर 'रिॲक्टिव्ह' (म्हणजे कर्करोग नाही, नुसती सूज) लिहिलं जातं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. कधी हॉजकिनच्या गाठीतही ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके, सापडतात. मग टीबीची औषधं सुरू होतात आणि महिने वाया जातात.

पूर्ण गाठ हातात असली की तिची रचना दिसते आणि सीडी३०, सीडी१५, सीडी२० या मार्करसाठी (पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांसाठी) पुरेसा नमुना मिळतो. हे नुसतं नाव ठेवण्यापुरतं नाही. सीडी२० ठळक आणि सीडी३० नसलेला 'नोड्युलर लिम्फोसाइट प्रिडॉमिनंट' हा हॉजकिनचा प्रकार एकाच जागी असून पूर्ण निघाला, तर काही मुलांना केमो न देता नुसतं लक्ष ठेवतात. लहान मुलांत मिक्स्ड सेल्युलॅरिटी हा हॉजकिनचा दुसरा प्रकार किशोरांपेक्षा जास्त दिसतो आणि त्यात एपस्टाइन-बार विषाणू बऱ्याचदा सापडतो. भारतातल्या मुलांत तर विशेष. पाच वर्षांखालच्या मुलात हॉजकिन निघाला, तर जन्मजात प्रतिकारशक्तीचा दोष आहे का, हेही डॉक्टरांना जरूर विचारा.

माझं मत सरळ आहे: सुईत टीबी सिद्ध झाला नाही आणि गाठ तशीच आहे, तर दुसऱ्यांदा सुई नको, पूर्ण गाठ काढा. तोवर 'बघू तर' म्हणून स्टिरॉइड अजिबात नको. गाठ तात्पुरती बसते आणि निदान अवघड होतं. भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे मात्र हवाच. आत मोठी गाठ श्वासनलिका दाबत असेल तर पूर्ण भूल धोक्याची. अशा वेळी जागा बधिर करून जाड सुईने कोअर बायोप्सी घेणं जास्त सुरक्षित.