उघडी यादी की विचारण्याचा हक्क?

कौटुंबिक हिंसाचारात दोषी ठरलेल्यांची नावं जगजाहीर करावीत का, यावर मत बनवण्याआधी दोन कायदे शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा ‘सव्हानाज लॉ’ १ जानेवारी २०२६पासून लागू झाला. इंग्लंड-वेल्समधला ‘क्लेअर्स लॉ’ २०१४पासून सर्वत्र आहे.

टेनेसीत वारंवार दोषी ठरलेल्याचं नाव आणि फोटो सरकारी वेबसाइटवर येतो. घरचा पत्ता नसतो. ही यादी कोणीही, मध्यरात्रीसुद्धा, कुणाला न सांगता उघडू शकतं. मनात पाल चुकचुकते आहे पण पोलिसांची पायरी चढायची हिंमत होत नाही, अशा बाईसाठी हे फार मोलाचं आहे.

इंग्लंडमध्ये उघडी यादी नाही. जोडीदाराच्या पूर्वेतिहासाबद्दल पोलिसांना विचारता येतं. आई, मैत्रीण, शेजारीही विचारू शकतात. मात्र उत्तर बहुधा जिला धोका आहे तिलाच मिळतं आणि ते गुप्त ठेवावं लागतं. धोका दिसला तर कोणी न विचारताही पोलीस स्वतःहून सांगू शकतात. अडचण वेळेची. नियमाप्रमाणे २८ दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि भेदरलेल्या माणसाला तेवढे दिवस काढणं सोपं नाही.

तरीही माझा कौल विचारण्याच्या हक्काला आहे. यादीत फक्त शिक्षा झालेले दिसतात. कितीतरी प्रकरणं तक्रारीपर्यंतच पोचत नाहीत, काही तक्रार मागे घेतल्यावर संपतात, काहींत सौम्य कलमावर तडजोड होते. अशा माणसाचं नाव शोधलं की पाटी कोरी, आणि शोधणारी बाई निश्चिंत होते. मला सगळ्यात भीती याच निश्चिंतीची वाटते. पोलीस मात्र शिक्षेपर्यंत न गेलेल्या नोंदीही विचारात घेऊ शकतात. शिवाय नवऱ्याचं नाव झळकलं की गावाला बायको-मुलंही कळतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

माहिती कळल्यावर पुढे काय, हाही प्रश्न आहेच. नातं तोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. वेबसाइट फोटो दाखवते आणि तिथेच थांबते. समोर बसून सांगणारी व्यक्ती सुरक्षित बाहेर पडण्याचा बेत तिच्यासोबत आखू शकते.

तुमच्याकडे यादीचाच प्रस्ताव आला असेल, तर निदान तीन गोष्टी मसुद्यात आहेत का ते तपासा: नाव किती वर्षं राहणार, पीडितेची ओळख कशी झाकणार आणि स्वतःला वाचवताना हात उगारलेली बाई त्या यादीत जाणार नाही याची काळजी कोण घेणार.